झिजलेल्या टायरची साक्ष : १९४२ ची अमेरिका आणि चाकांच्या कोनांचा इतिहास (थ्रेड)

१/
७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर चारच दिवसांनी, ११ डिसेंबरला, अमेरिकी सरकारने एका वस्तूची सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबवली. ती वस्तू साखर नव्हती, पेट्रोल नव्हते, लोणी वा मांसही नव्हते. ती होती मोटारीचा नवा टायर. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेत युद्धकालीन रेशनिंग सुरू झाले, तेही टायरपासूनच. साखरेची पाळी त्यानंतर आली.

२/
याचे कारण भूगोलात होते. अमेरिकेला लागणाऱ्या नैसर्गिक रबराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आग्नेय आशियातून येई. झाड मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पण १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने त्याच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवल्या, आणि तिथे उगवलेली रोपे श्रीलंका व मलायात गेली. पुढे जगाचे रबर याच पट्ट्यात पिकू लागले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, मार्चमध्ये जावा पडले, आणि हे बहुतेक सारे मळे जपानच्या हाती गेले.

३/
अमेरिकेच्या रस्त्यांवर तेव्हा अडीच कोटींहून अधिक खासगी मोटारी होत्या. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत जाणारे असंख्य कामगार मोटारीनेच कामावर जात. फेब्रुवारी १९४२ मध्ये नव्या खासगी मोटारींचे उत्पादनही बंद झाले. म्हणजे जुन्या गाड्या, जुने टायर, आणि बदली काहीच नाही. अशा वेळी जो प्रश्न एरवी गॅरेजच्या ओट्यावर विचारला जाई, तो थेट राष्ट्रीय प्रश्न झाला : चाकांवर चढवलेले टायर आणखी किती काळ पुरतील?

४/
या प्रश्नाचे उत्तर टायरच्या दर्जावर जितके अवलंबून होते, तितकेच तो कसा झिजतो यावरही होते. सर्वत्र सारखा झिजणारा टायर शेवटच्या थरापर्यंत वापरता येतो. एका कडेने झिजणारा टायर उरलेल्या चांगल्या रबरासकट टाकून द्यावा लागतो. मराठीत गॅरेजवाले ज्याला ‘गाडी टायर खाते’ म्हणतात, तो हा प्रकार. पण गाडी टायर का खाते? त्यासाठी मोटारीच्याही आधीच्या काळात जावे लागते.

५/
टायरचा पूर्वज म्हणजे लाकडी चाकावर तापवून चढवलेले लोखंडी कडे. बैलगाडीच्या चाकाला ज्याला आपण ‘धाव’ म्हणतो, तेच. इंग्रजीतही ‘टायर’ हा शब्द आधी या लोखंडी कड्यासाठीच वापरला जाई. दोन चाकांची बैलगाडी वळवताना अडचण येत नाही, कारण दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. चार चाकांच्या घोडागाडीत मात्र पुढचा संपूर्ण आस मध्यावरच्या खिळीभोवती फिरवावा लागे. त्याला जागा फार लागे, आणि तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचा धोका असे.

६/
म्युनिकमधील गाडीकार गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने १८१७ च्या सुमारास यावर तोड काढली. आस जागेवर स्थिर ठेवायचा आणि त्याच्या टोकांवरची चाके तेवढी आपापल्या खुंटीभोवती वळवायची. लंडनमध्ये त्याचे पेटंट १८१८ साली रुडॉल्फ आकरमान या मूळच्या जर्मन प्रकाशकाने त्याचा प्रतिनिधी म्हणून घेतले. इतिहासाचा न्याय असा, की ही रचना आज जगभर ओळखली जाते ती आकरमानच्या नावाने. अशीच कल्पना चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनाही अठराव्या शतकातच सुचली होती.

७/
या रचनेच्या मुळाशी साधी भूमिती आहे. गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळावर चालते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक जरा अधिक वळले पाहिजे. दोन्ही चाके सारखीच वळवली, तर त्यांतले एक तरी गोल फिरण्याऐवजी आडवे घासत जाईल. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जात आहे, त्या दोन दिशांत फरक पडला की घासणे आले. असमान झिजेचा मोठा भाग या एका वाक्यात सामावतो.

८/
लोखंडी धावेला या घासण्याचे फारसे दुःख नव्हते. दुःख सुरू झाले ते रबर आल्यावर. हवेने भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ साली घेतले. ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार चालवली. पंक्चरमागून पंक्चर होत ते १०० तासांच्या ठरलेल्या मुदतीनंतर पोहोचले. पण मोटार हवेवर धावू शकते, हे सिद्ध झाले.

९/
त्या काळात असमान झिजेची चर्चा कोणी करीत नसे, कारण टायर झिजेपर्यंत टिकतच नसे. त्याआधीच तो फाटे किंवा पंक्चर होई. वेल्समधील लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली चाकाला बाहेरून अडकवता येणारे जादा चाक बनवले, ते याच अडचणीपोटी. रस्त्याच्या नावावरून त्याला ‘स्टेपनी व्हील’ म्हणू लागले. ते चाक केव्हाच नामशेष झाले. पण महाराष्ट्रातला प्रत्येक ड्रायव्हर आजही डिकीतल्या जादा चाकाला ‘स्टेपनी’च म्हणतो.

१०/
टायरचे आयुष्य वाढवले ते काजळीने. सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असत. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमधील सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात रबरात बारीक काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळल्यास ते कितीतरी चिवट होते असे आढळले. पहिल्या महायुद्धाच्या आसपास काळा टायर सार्वत्रिक झाला. आता टायर हजारो मैल टिकू लागला, आणि प्रथमच त्याच्यावर गाडीच्या दोषांचे ठसे उमटण्याइतका वेळ मिळू लागला. असमान झीज हे टिकाऊ टायरचे दुखणे आहे.

११/
गाडीत दोष तरी कोणते होते? पुढची चाके मुळातच सरळ उभी नसत. घोडागाडीच्या परंपरेतून आलेल्या मोटारीत ती वरच्या बाजूने किंचित बाहेर झुकलेली असत. या झुकावाला ‘कॅम्बर’ म्हणतात. त्यामुळे स्टिअरिंग हलके होई, आणि मध्यभागी उंच, कडांना उतरत्या रस्त्यांवर चाक नीट बसे. पण झुकलेले नाणे जमिनीवर सोडले की ते सरळ जात नाही, झुकलेल्या बाजूला वळते. चाकाचेही तसेच. दोन्ही चाके बाहेर झुकलेली असल्याने दोघांचीही ओढ बाहेरच्या बाजूला.

१२/
ही ओढ काटण्यासाठी चाकांची पुढची टोके किंचित आत वळवीत. पायांचे अंगठे आत वळवून चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. याला ‘टो-इन’ म्हणतात. पूर्वी याचे मोजमाप असे : चाक उचलून फिरवायचे, टायरवर चहूकडून एक बारीक रेघ ओढायची, आणि दोन्ही चाकांवरच्या रेघांतील अंतर पुढे किती व मागे किती, ते लांब पट्टीने मोजायचे. पुढचे अंतर साधारणतः इंचाचा सोळावा ते आठवा भाग कमी ठेवीत. एवढ्याशा फरकावर टायरचे आयुष्य ठरत होते.

१३/
हिशेब करून पाहिला की हे पटते. २८ इंच व्यासाच्या चाकांत हा फरक चुकून अर्धा इंच झाला, तर प्रत्येक चाकाची दिशा सुमारे अर्ध्या अंशाने चुकते. डोळ्याला तो कोन दिसतही नाही. पण गाडी एक किलोमीटर पुढे गेली, की त्या चाकावर सुमारे ९ मीटर आडवे ओढले जाण्याचा ताण आलेला असतो. हजार किलोमीटरमागे नऊ किलोमीटर! जणू कोणी टायर रस्त्यावर आडवा धरून घासत नेला.

१४/
१९२० च्या दशकात प्रश्न आणखी बिकट झाला. १९२३ च्या सुमारास कमी हवेचे, जाडजूड ‘बलून’ टायर आले. पुढच्या चाकांनाही ब्रेक आले. प्रवास मऊ झाला, पण ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागली आणि टायरवर जागोजाग खळगे पडू लागले. १९३४ पासून अमेरिकी मोटारींत दोन्ही पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन येऊ लागले. फोर्ड मात्र १९४८ पर्यंत जुन्या अखंड आसालाच चिकटून राहिला. नव्या रचनेत आराम होता; पण सांधे वाढले, आणि सांधा झिजला की चाकाचा कोन बदलतो.

१५/
आता पुन्हा १९४२. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जनतेला जुने रबर जमा करण्याचे आवाहन केले. पौंडाला एक सेंट या दराने लोकांनी जुने टायर, रबरी नळ्या, गमबूट, पायपुसणी असे जे हाती लागले ते पेट्रोल पंपांवर आणून टाकले. सुमारे साडेचार लाख टन माल जमला. पण वापरलेल्या रबरापासून नव्या टायरचा कस येत नाही. प्रश्न तसाच राहिला.

१६/
मग रूझवेल्ट यांनी बर्नार्ड बरूक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सोबतीला हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट आणि एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन. १० सप्टेंबर १९४२ च्या अहवालात समितीने बजावले, की रबराचा मोठा नवा पुरवठा लवकर उभा राहिला नाही, तर युद्धप्रयत्न आणि देशाची अर्थव्यवस्था दोन्ही कोसळतील. उपाय सुचवले ते असे : वेग ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे ५६ किलोमीटरच्या आत, प्रत्येक गाडीचा प्रवास वर्षाला सरासरी ५,००० मैल, आणि टायरची सक्तीची, नियमित तपासणी.

१७/
१ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले. सामान्य मोटारधारकाला आरंभी आठवड्याला सुमारे ४ गॅलन, म्हणजे १५ लिटर. तेलाच्या विहिरी दारात असलेल्या प्रांतांतील लोक संतापले : पेट्रोल मुबलक असताना टंचाई कशाची? सरकारचे उत्तर स्पष्ट होते. देशव्यापी रेशनिंगचा मुख्य हेतू रबर वाचवणे हा होता, आणि त्यासाठी लोकांना गाडीपासून दूर ठेवण्याचा पेट्रोल हा सर्वांत सोपा मार्ग होता.

१८/
प्रत्येक गाडीमागे पाचच टायर ठेवण्याची मुभा होती : चार चाकांवर, एक स्टेपनी. जादा टायर सरकारला विकावे लागत. टायरचे अनुक्रमांक नोंदवले जात, आणि ठरावीक काळाने अधिकृत तपासनिसाला गाडी दाखवावी लागे. ज्यांना अधिक पेट्रोल मिळे, त्यांची तपासणी अधिक वेळा. नवा टायर मिळण्याचा पहिला हक्क डॉक्टर, परिचारिका, पशुवैद्य, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस आणि अत्यावश्यक वाहतूक यांचा. बाकीच्यांना एकच मार्ग उरला : आहे तो टायर वाचवणे.

१९/
तपासणीचे काम गॅरेजे आणि पेट्रोल पंपांवरच्या मंडळींकडे आले. टायरवरच्या खुणा वाचण्याची विद्या त्यांना ठाऊक होती. आता ती घरोघरी पोहोचली. त्या खुणांचे अर्थ आजही बदललेले नाहीत.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत : हवा कमी. टायर मध्ये आत दबतो, भार कडांवर येतो, बाजू सतत दुमडून तापतात. युद्धकाळात सर्वाधिक टाळता येण्याजोगे नुकसान हेच होते, आणि त्यावरचा उपाय फुकट होता.

मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत : हवा जास्त.

२०/
एकच कडा झिजली : बहुधा कॅम्बर बिघडला. चाक वरून फार बाहेर झुकले तर बाहेरची कडा जाते, आत झुकले तर आतली. यामागे बसकी झालेली स्प्रिंग, खड्ड्यात वाकलेला आस, किंवा झिजलेली किंग पिन असू शकते. पण इथे घाई करू नये. टोचा कोन फार चुकला तरी एक कडा आधी जाते. वळणे नेहमी वेगात घेणाऱ्या चालकाच्या पुढच्या टायरची बाहेरची कडाही अशीच जाते. त्या वेळी दोष गाडीचा नसतो. ३५ मैलांच्या मर्यादेने तो दोष आपोआप दूर केला.

२१/
नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक धार बोथट आणि दुसरी तीक्ष्ण, पिसाच्या कडेसारखी : टो बिघडला. ही खूण डोळ्यांनी लवकर दिसत नाही, हाताला कळते. तळवा टायरवरून आडवा फिरवला की एका दिशेला गुळगुळीत लागते आणि उलट दिशेला बोचते. तीक्ष्ण धारा गाडीच्या आतल्या बाजूला असतील तर टो-इन जास्त, बाहेरच्या बाजूला असतील तर चाकांची पुढची टोके बाहेर फाकलेली. दिव्याशिवाय, यंत्राशिवाय, अंधाऱ्या गॅरेजमध्येही करता येईल असे हे निदान.

२२/
टायरभोवती ठरावीक अंतराने खळगे : चाक रस्त्यावर टेकून न चालता उड्या मारते आहे. एक तर चाकाचा तोल बिघडला, किंवा शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला, किंवा बेअरिंग व सांध्यांत ढिलाई आली.

एकाच जागी सपाट डाग : ब्रेक जाम होऊन चाक घसटत गेले, किंवा ब्रेकचा ड्रम गोल राहिला नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत ब्रेक तेवढ्याच जागी अधिक पकडतो.

प्रत्येक खुणेचे मूळ टायरच्या बाहेर आहे, हे इथे लक्षात येते. टायर गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो.

२३/
दुरुस्तीचा क्रमही ठरलेला, आणि तो चुकला की खर्च वाया जातो.

पहिले काम हवेचे : टायर थंड असताना मोजणे व भरणे. दुसरे, चाक जॅकवर उचलून वरून-खालून आणि डाव्या-उजव्या बाजूंनी हलवून पाहणे. खडखड जाणवली तर किंग पिन, बुश, टाय रॉडची टोके, बेअरिंग यांपैकी जे झिजले ते बदलणे. तिसरे, स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर. त्यानंतर कॅम्बर व कॅस्टरचे कोन. टो सर्वांत शेवटी, कारण आधीचा कोणताही कोन हलला की टो आपोआप बदलतो. खिळखिळ्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट गॅरेजच्या दारातून बाहेर पडेपर्यंतही टिकत नाही.

२४/
शांततेच्या काळात हा क्रम सहसा पाळला जात नसे. टायर गोटा झाला की नवा घालणे सोपे होते. नवा टायर काही महिने छान चालतो, म्हणून मालकाला वाटते की दोष गेला. प्रत्यक्षात बिघडलेला कोन तसाच राहतो आणि नवा टायरही त्याच कडेने झिजू लागतो. १९४२ मध्ये ही पळवाट बंद झाली. नवा टायर नव्हताच. त्यामुळे लोकांना मुळापर्यंत जावे लागले.

२५/
आणखी एक कारण होते. झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चढवून तो पुन्हा वापरता येतो. आपल्याकडे याला रिमोल्डिंग म्हणतात. युद्धकाळात सामान्य नागरिकाला मुख्य आधार याचाच होता. पण त्यासाठी आतले धाग्यांचे थर शाबूत लागतात. तेव्हा ते सुती किंवा रेयॉनचे असत. एकच कडा झिजत जाऊन धागे उघडे पडले, की उरलेला टायर कितीही चांगला असो, रिमोल्डसाठी बाद. असमान झीज टायरची दोन आयुष्ये एकदम संपवी : चालू असलेले आणि पुढचे.

२६/
म्हणून चाकांच्या जागा ठरावीक अंतराने बदलण्याचा आग्रह धरला गेला. पुढची चाके मागे, मागची पुढे, आणि स्टेपनीही या फेऱ्यात. पुढच्या टायरना वळण्याचा ताण असतो, मागच्यांना ओढण्याचा. जागा बदलल्याने झीज पाचांत वाटली जाते. मात्र ही वाटणी आहे, औषध नव्हे. कोन बिघडलेल्या गाडीत नुसती अदलाबदल केली, तर एका टायरऐवजी पाचही टायर पाळीपाळीने खाल्ले जातात.

२७/
सारे काही आदर्श होते असे नाही. टायरचा काळा बाजार होता, चोऱ्या होत्या, वेगमर्यादा मोडणारे होते. परंतु दरम्यान कृत्रिम रबराचे कारखाने विलक्षण वेगाने उभे राहिले. युद्धापूर्वी नगण्य असलेले उत्पादन १९४५ पर्यंत वर्षाला सात लाख टनांवर गेले. नवे रबर लष्कराकडे जात असताना नागरी वाहतूक चालू राहिली, ती जुन्या टायरच्या जोरावर. १५ ऑगस्ट १९४५ ला पेट्रोलचे रेशनिंग उठले. टायरचे मात्र वर्षअखेरपर्यंत, ३१ डिसेंबर १९४५ पर्यंत चालले. जे सर्वांत आधी आले, ते शेवटी शेवटी गेले.

२८/
भारतालाही या टंचाईची झळ लागली. मलाया गेल्यानंतर दोस्त राष्ट्रांच्या हाती नैसर्गिक रबराचे मोठे मळे उरले ते मुख्यतः श्रीलंकेत, आणि त्याखालोखाल त्रावणकोर व दक्षिण भारतात. इथेही पेट्रोल आणि टायर नियंत्रणाखाली आले. मागे कोळशाची भट्टी बसवलेल्या, तिच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्या त्या पिढीने पाहिल्या. भट्टीने पेट्रोलची उणीव कशीबशी भरून निघाली. रबराला तसा पर्याय नव्हता.

२९/
युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले, आणि १९४९ पासून तो बाजारात आला. त्याचे आयुष्य जुन्या टायरच्या कितीतरी पट. पण आयुष्य वाढले की बारीक दोषालाही काम करायला अधिक अवधी मिळतो. त्यामुळे अलाइनमेंटचे महत्त्व वाढतच गेले. मागच्या चाकांनाही स्वतंत्र सस्पेन्शन आले, तशी चारही चाके मोजण्याची गरज निर्माण झाली. रेघ आणि पट्टीची जागा आता कॅमेऱ्यांनी घेतली आहे. मोजायचे कोन मात्र तेच : कॅम्बर, कॅस्टर, टो.

३०/
भारतात मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. ती एकाच जागी मोजून भागत नाही. आतली कडा, मध्य आणि बाहेरची कडा, तिन्ही ठिकाणी मोजावी लागते. आतली कडा उभ्याने दिसत नाही. चाक पूर्ण वळवून, खाली वाकूनच ती पाहावी लागते. बाहेरून नवा दिसणारा टायर आत तारांपर्यंत गेलेला असणे, हे खड्ड्यांच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांत नेहमीचे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तर ही तपासणी जिवाशी निगडित आहे, कारण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम नक्षीच करते.

३१/
१९४२ च्या अमेरिकेत टायरची किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नव्हती. ती सिंगापूरच्या पराभवाने ठरवली होती. लाखो सामान्य माणसे आपल्या गाडीच्या चाकाशी वाकून बसली आणि तळवा फिरवून झीज तपासू लागली, ती त्यामुळे. लांकेनस्पेर्गरची भूमिती, सिल्व्हरटाउनची काजळी आणि गॅरेजातल्या मिस्त्रीचा हात यांची गाठ तिथे पडली. आज टायर सहज मिळतो. तरीही जुना टायर दुकानात सोडून येण्यापूर्वी एकदा तो उलटसुलट करून पाहावा. नव्या टायरचे पुढे काय होणार, हे त्या जुन्यावर आधीच उमटलेले असते.

(समाप्त)

#इतिहास #दुसरे_महायुद्ध #तंत्रज्ञानाचा_इतिहास